तेहतीस अंश

तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून रंगारी पडला, तरी हातातला ब्रश सुटला नव्हता. कुणीतरी तो बोटांतून काढून घेतला तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही. मानेखाली काही जाणवतच नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला आडपडदा न ठेवता सांगितलं, "मानेचा मणका मोडलाय. ऑपरेशन तर करतोच. पण मज्जारज्जू सुजला की उरलंसुरलंही जातं. म्हणून दोन दिवस त्यांचं अंग तेहतीस अंशांवर गार ठेवायचं म्हणतोय. मांडीच्या शिरेत गारवा देणारी नळी घालून."

"मग पाय हलतील?"

"खात्री कुणालाच नाही. गार ठेवल्याने न्यूमोनियाचीही भीती आहे. पण ठरवायला वेळ नाही, ताई."

तिने सही केली.

ऑपरेशननंतर त्याला औषधांनी झोपवून ठेवलं होतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगं, मढ्यासारखा गार पडलाय माझा लेक!" त्यांनी खांद्यावरची शाल काढून त्याच्यावर घातली.

"आई, काढा ती."

"नाही काढणार."

बारा वर्षांत सासूपुढे तोंड न उघडलेल्या सुनेने शाल ओढून काढली. त्या दिवसापासून सासूबाईंनी तिच्याशी अबोला धरला.

दोन दिवसांनी त्याला हळूहळू ऊब दिली. चौथ्या दिवशी न्यूमोनियाने छाती भरली. बाहेरच्या बाकावर सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "हिनेच गारठवला त्याला." सुनेलाही तेच वाटत होतं.

अकरा दिवस झुंजून तो वाचला. सहाव्या आठवड्यात उजवं कोपर वाकलं, मग अंगठा हलला. पाय गेले ते गेलेच.

"हाताचं हे बळ गार केल्यामुळे आलं का?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपलं आपणही आलं असतं."

रात्रंदिवस छताकडे बघणाऱ्या रंगाऱ्याला तिने सगळं सांगितलं, सहीचंही. छतावरची नजर न काढता त्याने विचारलं,

"मग तुझ्या सहीचं फळ काय धरायचं? कोपर, की न्यूमोनिया?"

"दोन्ही असेल," ती म्हणाली.

घरी आणल्यावर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावं लागे. एकटीला ते जमेना. पहिल्याच दुपारी ती धापा टाकत उभी असताना सासूबाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. तिच्याकडे न बघता त्यांनी लेकाच्या कमरेखाली हात घातले.

"खांदे धर," त्या म्हणाल्या.