धवल्यासाठी कवळी

मालाडच्या खाडीवरून येणारा वैशाखातला खारट, कोवळा उजेड अंगावर पडला, की अजूनही मला हिरामावशीचा आवाज ऐकू येतो. साठच्या दशकातली गोष्ट. स्टेशनाजवळ माझा दातांचा नवाकोरा दवाखाना होता, आणि ती खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन देवांना बोलावणारी बाई. ती गायल्याशिवाय तिथं कुणाला हळद लागत नसे. तिची चाल ओहोटीच्या पाण्यासारखी संथ होती. जीभ मात्र भलती तिखट.

पुढचे दात गेले तसे तिचे शब्द ओले, निसरडे झाले. वर्षभरानं नातीचं लग्न होतं आणि त्यात आपण गायचं, एवढी एकच इच्छा तिच्यापाशी उरली होती. मी मोठ्या ऐटीत पर्याय सांगितले: उरलेले दात राखून तारेची अर्धी कवळी, नाहीतर शेजारच्या दातांच्या आधारानं पक्का बसवलेला खोट्या दातांचा पूल, पण तिचे शेजारीच डुगडुगत होते, नाहीतर सगळे काढून पुरी कवळी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “डाक्टर, गानं कशान ऱ्हाईल, तवरंच सांग.”

पुरी कवळी ठरली. हिरड्या सुकेपर्यंतचे महिने तिनं मौनात काढले. कवळी बसली त्या दिवशी खुर्चीतच तिनं एक ओळ म्हटली. त्यातला ‘स’ शीळ घालत निसटला, आणि एवढी खमकी बाई लहान मुलीसारखी रडली. मग रोज खाडीकाठी, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या सावलीत, ती एकेक शब्द माणसाळवत राहिली. थंडी सरता सरता आवाज परतला.

लग्नाच्या सकाळी मी मांडवात गेलो, तर मावशी पदराची गाठ मुठीत धरून बसलेली. गाठीत कवळी होती, पार वाकडी झालेली. मासळी खाल्लेल्या तोंडानं देवांना हाक मारायची नाही, हा तिचा जन्माचा नेम. म्हणून पहाटे तिनं कवळीही शुद्ध करून घेतली होती, उकळत्या पाण्यात! “देवाचं नाव घ्याचं, वास नको म्हनून केलं रं,” ती पुटपुटली. मी कपाळावर हात मारला. अरे देवा, कवळी गार पाण्यातच धुवायची, हे सांगायला मीच विसरलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हळदीला बसलेली नात म्हणाली, “आजे, तू सूर तं धर गो.”

मावशीनं डोळे मिटले आणि तशाच बोळक्या तोंडानं गायला लागली. सूर अखंड होता, शब्द मात्र विरघळत होते. आणि जिथं शब्द विरे, तिथं मागच्या बाया तो अलगद उचलून घेत. वर्षानुवर्षं तिच्यामागे गाऊन त्यांना सगळं पाठ झालं होतं, आणि हे तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं डोळे उघडून मागे पाहिलं, हसली, आणि गात राहिली. नातीला हळद लागली. मला रडू आवरेना.

मावशीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या कोळीवाड्यात आजही धवला सुरू झाला, की पहिली ओळ संपताच बाया क्षणभर थांबतात. तिला दम घ्यायला लागायचा, तेवढाच वेळ.