दोन दिवस दुकान बंद

शाळांच्या गणवेशांचा शेवटचा गठ्ठा गेला आणि शिंपीणबाईंनी नऊ वर्षांत पहिल्यांदा मशीनवर झाकण घातलं. शनिवार-रविवार डोंगरातल्या त्या लहानशा गावी जायचं ठरलं होतं. सोबतीला नणंद. ती तर कागद-पेन घेऊनच बसली होती.

"वहिनी, पहाटे सहाला सूर्योदय, सातला धबधबा, नऊला किल्ला…"

"अगं, फिरायला चाललोय की परीक्षेला?" बाई म्हणाल्या. पण मनातून त्याही खूश होत्याच.

नणंदेनं तिथल्या खोलीवाल्या आजींना फोन लावला. "आजी, तुमच्याकडे पाहण्यासारखं काय काय आहे हो?"

"काही नाही गं," आजी म्हणाल्या. "ओसरीत दोन खुर्च्या आहेत, समोर डोंगर आहे. तो काही पळून जात नाही. उठाल तेव्हा बघा."

दोघी एकमेकींकडे बघून खो-खो हसत सुटल्या. नणंदेनं सगळी यादी खोडली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : झोप.

मग बाईंनी पाटी लिहून दाराला लावली. समोरच्या दुकानातला चांभार धावतच आला. "बाई, दुकान बंद? घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक म्हणजे काय, झकास आहे!" बाई म्हणाल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "आम्ही फिरायला चाललोय!"