मंत्र पुसला, चूक सापडली

सभागृहात उभे राहायलाही जागा उरली नव्हती. पडद्याच्या उजेडात सगळे चेहरे निळसर झाले होते. जणू एकाच डोहाच्या तळाशी बसून सगळे वर काय तरंगते आहे ते पाहत होते. वर तरंगत होते यंत्रमानसतज्ज्ञ. ही पदवी त्यांना त्यांनीच बहाल केली होती.

"यंत्रालाही मन असतं," ते डोळे मिटून म्हणाले. "आपण हुकूम सोडतो, म्हणून ते रुसतं."

कंपनी रुग्णांच्या खाटा आणि चाकांच्या खुर्च्या विकत असे. 'माझी ऑर्डर कुठवर आली?' असे ग्राहकाने विचारले की नोंदी धुंडाळून उत्तर द्यायला एक एआय सहायक नेमला होता. तो छातीठोकपणे चुके. म्हणून तज्ज्ञांनी त्याच्या सूचनांच्या माथ्यावर मंत्र चढवला होता : 'हे प्रज्ञावंता, खोल श्वास घे, तू सर्वज्ञ आहेस.' फुप्फुसे नसलेल्याला श्वास घ्यायला सांगणारा हा पहिलाच वैद्य!

त्यांनी ऑर्डरचा एक नंबर टाकला. पडद्यावर अचूक उत्तर उमटले. दुसरा नंबर, पुन्हा अचूक. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अंगावर काटा आला!" विक्रीप्रमुख उद्गारले.

शेवटच्या रांगेत चाचणी विभागातली मुलगी बसली होती. तिला सगळे 'शंकेखोर' म्हणत, आणि ती ते नाव पदकासारखे मिरवी. शेजारी ग्राहकांचे फोन घेणाऱ्या काकू.

"काकू, टाळ्या नाही वाजवल्यात?"

"कशाच्या वाजवू? एका बाईंना यानं सांगितलं, ऑर्डर पक्की, खाट गुरुवारी येईल. गुरुवार गेला. आईला जमिनीवर निजवलंय बिचारीनं. आणि माझ्या नोंदींत बघते तर ऑर्डरच नाही!"

तज्ज्ञांचे कान तिखट होते. "हीच ती नकारात्मक स्पंदनं! दिवसभर तक्रारी ऐकणारी बाई यंत्राच्या आसपास वावरली, तर मंत्र टिकणार कसा?"

मालकांनी क्षणभर छताकडे पाहिले. "काकू, उद्यापासून येऊ नका. मनाला लावून घेऊ नका हं." एखादी खुर्ची इकडची तिकडे करावी, इतक्या सहज.

काकूंचा चेहरा विझला. शंकेखोर उठली.

"साहेब, काकूंना घालवण्याआधी मंत्राला घालवून बघू या?"

"मंत्र काढलात तर यंत्र मुकं होईल!" तज्ज्ञ गरजले.

"झालं तर मीही काकूंबरोबर घरी जाईन."

तिने मंत्र पुसला आणि त्याच्या जागी लिहिले : 'छत्र्या दुरुस्त करून मिळतील.' मग तज्ज्ञांनी टाकलेलाच ऑर्डरचा नंबर टाकला. तेच उत्तर, तितकेच अचूक.

"छत्रीलाही सिद्धी आहे म्हणायची!" मागून कुणीतरी खुसखुसले.

"नंबर दिला की एकच नोंद सापडते," ती म्हणाली. "चुकायला वावच नाही. म्हणून हे प्रत्येक वेळी नंबरच देतात. काकू, फोनवर नंबर कोण सांगतं?"

"कोण सांगणार, बाई! नाव सांगतात आणि रडतात."

तिने मंत्र श्वासासकट परत चढवला आणि त्या बाईंचे नाव टाकले. उत्तर आले : 'आपली ऑर्डर पक्की आहे. खाट गुरुवारी पोहोचेल.'

"हेच! शब्दन् शब्द हेच!" काकू ओरडल्या.

"आज यंत्राचं चित्त थाऱ्यावर नाही," तज्ज्ञ पुटपुटले.

"चित्त राहू द्या. त्याला दिलेली वर्णनं थाऱ्यावर नाहीत."

तिने पडद्यावरचा मजकूर खाली सरकवला. सहायकाकडे दोन साधने होती : एक पक्क्या ऑर्डरी आणणारे, दुसरे नुसती दरपत्रके. कोणते उचलायचे हे तो प्रत्येकाखालचे वर्णन वाचून ठरवी. आणि दोन्हींखाली एकच ओळ होती : 'ऑर्डर आणते.' म्हणूनच त्या बाईंच्या नुसत्या दरपत्रकातला गुरुवार त्याने पक्की ऑर्डर म्हणून सांगितला होता.

असे का? तर विक्री विभागात 'दरपत्रक' हा शब्द अपशकुनी मानला जाई. तो उच्चारला की सौदा मोडतो म्हणे. म्हणून कुणी नुसता भाव विचारला, तरी ती 'ऑर्डर'च. विक्रीप्रमुख आपल्या बुटांकडे पाहू लागले.

"आपण शकुन पाळला," शंकेखोर म्हणाली, "आणि ह्या बिचाऱ्यालाही तोच शिकवला."

सगळ्यांसमोर तिने पहिल्या साधनाखाली लिहिले : 'ग्राहकाने पक्की केलेली विक्रीची ऑर्डर आणते. ऑर्डरचा नंबर किंवा ग्राहकाचे नाव द्यावे. यात दरपत्रके येत नाहीत. काही न सापडल्यास तसे सांगावे, अंदाज करू नये.' दुसऱ्याखाली : 'ग्राहकाला दिलेले दरपत्रक आणते. ही ऑर्डर नव्हे. उत्तरात तसे स्पष्ट सांगावे.' मंत्र पुसला. या वेळी छत्र्याही नाहीत.

तेच नाव. उत्तर आले : 'या नावाने पक्की ऑर्डर नाही. दरपत्रक दिलेले आहे. ऑर्डर नोंदवायची आहे का?'

"एवढ्यावर विश्वास ठेवू नका," तीच म्हणाली. "आणखी नावं सांगा."

लोक नावे ओरडू लागले. काकू आपल्या नोंदींशी एकेक उत्तर ताडून पाहत होत्या आणि मान डोलावत होत्या.

"माझ्या मंत्राचा अंश अजून आत असणार," तज्ज्ञ आवराआवर करत म्हणाले.

"असू दे हो," काकू म्हणाल्या. "तुमची छत्री दुरुस्त करायची आहे का?"

सभागृह हास्यात बुडाले. मालक घसा खाकरत म्हणाले, "काकू, उद्या..."

"उद्या येतेच आहे. आधी त्या बाईंना फोन करू द्या."

यंत्राला मन नसते, आणि असते तरी स्तुतीने त्याला दरपत्रक आणि ऑर्डर यांतला भेद कळला नसता. तो आपल्याला ठाऊक होता. सांगायची धास्ती आपल्याला वाटली. तेव्हा चमत्कार पाहाल, तर टाळी वाजवण्याआधी तो काढून टाका आणि काय बदलते ते पाहा. चमत्कार करणारा जो प्रश्न कधीच विचारत नाही, तोच नेमका विचारा. आणि यंत्राशी असो की माणसाशी, जी वस्तू जी आहे तिला तेच म्हणा. नाहीतर कुणाची तरी आई जमिनीवर निजलेली असते, आणि आपण टाळ्या वाजवत असतो.