दिवाणजींचा दुसरा हात

दरबार महालात मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी माणसं आत येतच होती. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाचं लग्न जमत नव्हतं, कुणी नुसतीच शेजारीण आली म्हणून आली होती. सगळ्यांच्या नजरा मधल्या खांबावर खिळल्या होत्या. त्या खांबातून राणीसरकार श्वास घेत.

राजवाडा म्हणाल तर ऐतिहासिक, म्हणाल तर परवाचा. मूळचा आगीत जळून खाक झाला, त्याला कित्येक पिढ्या लोटल्या. हा अलीकडे जुन्या चित्रांवरून पुन्हा उभारलेला. खांब दगडी दिसत, पण टिचकी मारली की आतून डब्यासारखे वाजत. रंग नीट वाळायच्या आत त्याला पुरातन म्हणायची सवय लोकांना लागली होती.

"दार लावून घ्या. अजून पुढे सरका. राणीसरकारांना माणसांची ऊब आवडते," दिवाणजी म्हणाले.

दिवाणजी आधी इथलेच गाईड होते. मग एके दिवशी खांबातल्या राणीने त्यांना ओळखलं, मागच्या जन्मीचे तिचे दिवाण म्हणून. तेव्हापासून ते रेशमी अंगरखा घालत आणि स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणत.

सर्वांत पुढे सासूबाई उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे, नाइलाजाने, सून. सून दातांची डॉक्टर. आज दवाखाना बंद ठेवून ती आली होती, कारण सासूबाईंनी डोळ्यांत थेंब घालणं बंद केलं होतं. त्यांना काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची असेल तर थेंब चुकवू नका. पण खांबाचा श्वास डोळ्यांवर घेतला की औषध लागत नाही, असं दिवाणजींचं म्हणणं. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी चहा कपाच्या बाजूला ओतला आणि वर सुनेलाच विचारलं, कप कुणी सरकवला म्हणून.

"आगीच्या दिवशी राणीसरकार पळाल्या नाहीत," दिवाणजींचा आवाज चढला. "त्या या खांबात शिरल्या. शरीर जळतं, पण श्वास कधी जळाल्याचं ऐकलंय कुणी? विज्ञानसुद्धा इथे गप्प बसतं."

"पण हा खांब नवा आहे ना?" सुनेने विचारलं. "मग मधली वर्षं राणीसरकार होत्या कुठे?"

"वाट बघत होत्या."

"हो, पण कुठे बसून?"

"बाई, शंका घेतली की श्वास अडतो," दिवाणजी म्हणाले आणि गर्दी सुनेकडे अशी बघू लागली, की आता राणी गुदमरली तर तिच्यावरच येणार. सासूबाईंनी तिला कोपराने ढोसलं.

"आता डोळे मिटा. श्वास येईपर्यंत कुणी उघडायचे नाहीत."

सगळ्यांनी डोळे मिटले. सुनेने मिटले नाहीत. दिवाणजींनी उजवा हात खांबाकडे उंच केला, तो थरथरवला, आणि 'जाग्या व्हा, सरकार' असा गजर सुरू झाला.

आता दातांच्या डॉक्टरची एक खोड असते. माणूस खुर्चीत बसला की ती एका हाताने आरसा नाचवते, मुलंबाळं कशी आहेत विचारते, आणि दुसऱ्या हाताने हनुवटीखालून इंजेक्शन पुढे आणते. पेशंट आरशाकडे बघत राहतो. सुनेचं आयुष्य यावरच चाललं होतं. त्यामुळे उंच गेलेला हात सोडून तिची नजर आपोआप दुसऱ्या हाताकडे गेली.

तो शालीखाली होता. दाराशेजारच्या भिंतीवर खिळ्याला दिवाणजींची शाल टांगलेली होती, अगदी सहज टांगल्यासारखी, आणि त्यांचा डावा तळवा तिच्याखाली भिंतीला चिकटून होता.

थोड्या वेळाने खांबातल्या जाळीदार फुलातून हलका फुत्कार आला आणि मग लांब, संथ वारा सुटला. बायकांनी पदर पसरले. सासूबाईंनी डोळे जाळीसमोर धरले. सुनेच्या नाकाला धूळ बसलेल्या ओलसर जाळीचा वास आला, तिच्या दवाखान्यातलं यंत्र साफ करायला माणूस आला नाही की येतो तसा. राणीसरकारांची सफाई राहिली होती.

खेळ संपला. दार उघडलं तसा बाहेरचा हिवाळी गारवा आत आला, गर्दी पांगली, श्वासही थांबला. दिवाणजी चहाला गेले. शाल तिथेच राहिली.

सासूबाई बाकावर बसून होत्या. "चल म्हणू नकोस. थोडं बसू दे," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्हाला खरंच वाटतं, यानं डोळे बरे होतील?"

"डोळ्यांचं काय ते मला माहीत नाही गं. तुझे सासरे गेल्यापासून खोलीत कुणाचा श्वास ऐकू येत नाही. जन्मभर त्यांच्या घोरण्याला नावं ठेवली. आता झोप लागत नाही. इथे कसं, कुणीतरी आहे असं वाटतं."

सून घरून सगळे मुद्दे पाठ करून आली होती. हा त्यात नव्हता. तिला फार वाईट वाटलं, आणि क्षणभर ही शाल उचलूच नये असंही वाटलं. मग तिला तो बाजूला सांडलेला चहा आठवला.

तिने सासूबाईंना हात धरून उठवलं आणि शाल बाजूला केली. खाली पांढरी चौकोनी डबी होती.

"अगं, ही तर तुझ्या दवाखान्यात आहे."

"तीच. खोली गरम झाली की डबीला कळतं आणि ती एसीला वारा सोडायला लावते. खांब पोकळ आहे, नळी आतून जाते. तुम्ही चष्मा पुसताना काचेवर करता ना, तसं हिच्यावर 'हा' करा."

सासूबाईंनी आजूबाजूला बघितलं, चोरी करत असल्यासारख्या वाकल्या आणि केलं. काही झालं नाही. "अजून करा. जवळून." त्यांनी पुन्हा केलं, मग पुन्हा. खांबाने फुत्कार टाकला आणि वारा सुटला.

सासूबाई दचकून मागे झाल्या. मग त्या जाळीसमोर गेल्या, हात धरून बघितला आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी आमचाच श्वास ऐकत होते."

"तुमचा, गर्दीचा आणि दिवाणजींच्या तळव्याचा."

आता त्या रडतील असं सुनेला वाटलं. पण सासूबाईंनी शाल होती तशी टांगली आणि पदर खोचला. पदर खोचला म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढची गर्दी आली. चहाने ओल्या झालेल्या मिशा पुसत दिवाणजी आले.

"दार लावा."

"असू दे उघडं. मला गुदमरतं," दारातच ठाण मांडून सासूबाई म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाला कोण ढकलणार?

दिवाणजींनी उजवा हात उंच केला. "डोळे मिटा."

"दिवाणजी, आज दोन्ही हात वर करा की. एवढी मोठी राणी, तिला एका हाताने काय बोलवायचं?"

लोकांना ते पटलं. मागून कुणीतरी म्हणालं, खरंच, दोन्ही करा. दिवाणजींनी शालीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले. गजर झाला. दुसऱ्यांदा झाला. लोकांचे घसे बसले, पण राणीसरकारांनी दम धरला होता.

"कुणीतरी शंका घेतली आहे," दिवाणजी घाम पुसत म्हणाले.

"मीच घेतली. थांबा, मीच सोडवते," म्हणत सासूबाईंनी शाल ओढली आणि डबीवर 'हा' करायला सुरुवात केली. आता कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते. खांब सुस्कारला. एक हसला, मग दुसरा, आणि शेवटी अख्खा दरबार. गुडघेवाल्या बाईंनी तर स्वतः फुंकून बघितलं. दिवाणजी कधी सटकले ते कळलं नाही, अंगरखा मात्र बाकावर होता.

"हसा, पण एक ऐका," सासूबाई म्हणाल्या. "मी इथे डोळ्यांसाठी आले होते आणि हा दिवाण मला रोज डोळे मिटायला सांगत होता. मी मिटत होते. तुम्ही तसं करू नका. बघा, विचारा, हात लावून बघा. जे खरं असतं ते बघितल्याने बिघडत नाही. आणि औषध चालू असेल तर ते घ्या."

बाहेर अंगणातल्या बाकावर त्या मान मागे टेकून बसल्या. सुनेने पर्समधून थेंबांची बाटली काढली.

"रात्री खोलीचं दार उघडं ठेवा. तुमचा लेक असा घोरतो, की राजवाडा विसराल," ती म्हणाली.

"बापावर गेलाय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. मग त्यांनी डोळे मोठे उघडले आणि बाटली जवळ येताच सुनेचं मनगट धरलं.

"थांब. आधी दोन्ही हात दाखव."