सहा तास मागे

मी एक जुना फोन आहे. किती जुना, ते मात्र विचारू नका, मित्रांनो. तिथेच माझी गाडी अडते. ज्या खोक्यातून मी आलो त्याच्यावर एक साल छापलेलं होतं. अदिस अबाबात उतरलो तर इथल्या लोकांचं साल त्याच्या सात-आठ वर्षं मागे. म्हणजे जन्माला यायच्या आधीच मी दुकानात विकायला ठेवलेला! शिवाय यांच्या वर्षाला महिने तेरा, आणि तेरावा जेमतेम पाच दिवसांचा. घड्याळ तर विचारूच नका. यांचा दिवस उजाडल्यापासून मोजतात. माझ्या काचेवर सकाळचे आठ दिसले की ही माणसं खुशाल म्हणतात, "दोन वाजले." सुरुवातीला मला वाटायचं, सगळे मिळून माझी थट्टा करताहेत.

त्यात माझं नशीब असं, की मी कुणाच्या खिशात न जाता एका फळीवर गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कचेरीत आम्ही अकरा फोन ओळीने उभे होतो, प्रत्येकाच्या बुडाला वायर. तिथे आजारी माणसांना औषधाची वेळ सांगणारं ॲप बनत होतं आणि ते नीट चालतं का, हे आमच्यावर तपासलं जाई. तपासायला माणूस नसे. संगणकात लिहून ठेवलेल्या सूचना आपोआप चालत आणि एक न दिसणारं बोट माझ्या काचेवर टकटक करू लागे. रोगी ठरलेला: कबेदे चाचणी, वय चाळीस. त्याची गोळीची वेळ लावायची, माझं घड्याळ पुढेमागे ओढायचं, मी वाजायचं, बोटाने 'घेतली' म्हणून दाबायचं. मग सगळं पुसून टाकायचं आणि पुन्हा कबेदे, पुन्हा वय चाळीस. एका दुपारी मी नव्वद सकाळी पाहिल्या. मला त्या कबेदेची फार काळजी वाटे. इतक्या गोळ्या खाऊन हा बरा कसा होत नाही?

समोरच्या पडद्यावर माझी आणखी भावंडं राहत. त्यांना इम्युलेटर म्हणत. ती म्हणजे फोनचं नुसतं सोंग. ना अंग, ना बॅटरी, ना पडून फुटायची भीती. ती प्रत्येक चाचणीत पास होत आणि त्यांच्या नावापुढे हिरवी खूण पडे. मी आपला संथ. माझं पान उघडेपर्यंत ते बोट टकटक करून मोकळं होई आणि माझ्यापुढे लाल खूण. गंमत अशी, की हिरव्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मी लाल झालो की फिकिर्ते नावाची तपासनीस मुलगी मला हातात घेई, काच पुसे आणि विचारी, "काय रे म्हाताऱ्या, आज काय बिनसलं?" त्यामुळे लाल होणं चांगलं की वाईट, हेही मला कधी उमगलं नाही.

एके दिवशी कचेरीचे मुख्य गेझाहेन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सगळे त्यांना मानाने 'गाशे' म्हणत.

"हा रोज रडतो. याच्यापायी सगळ्यांचं काम अडतं. काढा याला," ते म्हणाले.

"हळू आहे, गाशे, पण चुकत नाही तो," फिकिर्ते म्हणाली.

"मग घरी ने आणि इंजेऱ्याची भाकर भरव त्याला!"

अल्गानेश तिथेच कॉफी ओतत होती. कचेरीची कॉफी तीच करायची. ती हळूच म्हणाली, "टाकूनच देणार असाल तर मला द्या. माझ्या ब्लेनसाठी हवाय."

ब्लेन तिची बारा वर्षांची लेक. तिला आकडी येत असे, आणि रोज सकाळी न्याहारीनंतर एक गोळी घेतली की ती येत नसे. पण अल्गानेश उजाडताच कामाला निघे, ब्लेनची शाळा दुपारची, मधल्या वेळात पोर एकटी. पंधरा दिवसांपूर्वी आपण गोळी घेतली हे विसरून तिने दुसरीही घेतली होती आणि दिवसभर गुंगीत पडून राहिली होती. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला होता.

फिकिर्तेने माझ्यात ब्लेनचं नाव घातलं, वेळ लावली सकाळी दोनची. ॲपने इथल्या दोनचे माझे आठ बरोबर केले. "हजार वेळा तपासलंय याच्यावर," ती म्हणाली. "वाजला की घ्यायची. वाजल्याशिवाय घ्यायची नाही. म्हणजे दोनदा व्हायची भीतीच नको."

एक गोष्ट मात्र राहिली. शेवटच्या चाचणीत माझं घड्याळ सहा तास मागे ओढलेलं होतं आणि ते जागेवर आणायच्या आतच मला फळीवरून उचललं होतं. फिकिर्तेने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्यावर चार दिसत होते. खरे दहा वाजले होते. पण इथल्या बोलण्यात दहालाच चार म्हणतात! तिला काही खटकलं नाही. खटकावं तरी कसं?

अल्गानेश तर हरखून गेली. "बघ गं, किती शहाणा फोन! चार वाजले तर चारच दाखवतो. बाकीचे सगळे परक्या देशाचं घड्याळ दाखवतात."

दुसऱ्या दिवशी ब्लेनने चहापाव खाल्ला आणि मला समोर ठेवून बसली. माझ्यावर दोन वाजले. मी गप्प, कारण मला आठला वाजायला सांगितलं होतं. ती वाट पाहून शाळेत गेली. माझे आठ वाजले तेव्हा भर दुपार होती. मी रिकाम्या घरात मिनिटभर वाजलो आणि थांबलो. बोट आलं नाही. मला वाटलं, चाचणी चालू आहे आणि मी पुन्हा लाल झालो.

संध्याकाळी आईने विचारलं, "फोनने सांगितलं तसंच केलंस ना?"

"अगदी तसंच, आई."

ती खरंच बोलत होती. तीन दिवस असंच चाललं.

चौथ्या सकाळी माझ्यावर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ब्लेन कोळशाच्या शेगडीशी चहा गरम करत होती. एकाएकी तिचा हात वाकडा झाला, मान मागे गेली आणि ती शेगडीवरच कोसळली. शेजारच्या तिरुनेशबाई आवाज ऐकून धावत आल्या आणि त्यांनी तिला ओढून बाजूला काढलं. मी टेबलावरून सगळं पाहत होतो. मित्रांनो, मला सांगायला लाज वाटते, पण मी थांबून राहिलो होतो. आता सगळं पुसलं जाईल, असं मला वाटत होतं. कबेदे नाही का दर वेळी पुन्हा उभा राहायचा? तशीच ब्लेन उठेल, पुन्हा न्याहारी करेल. बराच वेळ गेला. काहीच पुसलं गेलं नाही. तिला उचलून दवाखान्यात नेलं, आणि तेव्हा कुठे मला कळलं की ही चाचणी नव्हे.

दुसऱ्या दिवशी अल्गानेशने मला कचेरीत नेऊन टेबलावर आपटलं.

"बघितलंस? फोनच बिघडलेला," गेझाहेन फिकिर्तेला म्हणाले. "मी आधीच सांगत होतो."

फिकिर्तेने मला उचललं, आपल्या फोनवरच्या वेळेशी ताडून पाहिलं. तब्बल सहा तासांचा फरक. "फोन नाही बिघडला, गाशे. याचं घड्याळ मी मागे ठेवलं. पाहिलं होतं मी, पण मला बरोबर वाटलं."

"मलाही बरोबरच वाटलं होतं," अल्गानेश म्हणाली. "माझ्या पोरीचा हात भाजलाय. चूक कुणाची ते तुमचं तुम्ही बघा. उद्या हा वेळेवर वाजेल का, तेवढं मला सांग."

फिकिर्तेने माझं घड्याळ बरोबर लावलं आणि दुसऱ्या सकाळी स्वतः त्यांच्या घरी येऊन बसली. ब्लेन पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून माझ्याकडे रोखून पाहत होती. इथल्या दोनला, माझ्या आठला मी वाजलो. इतका जीव तोडून मी कधीच वाजलो नव्हतो.

ब्लेनने गोळी उचलली, पण तोंडात घातली नाही. ती दारात गेली आणि ओरडली, "तिरुनेश काकू, किती वाजले?"

"दोन!"

मग तिने गोळी घेतली.

"आता बरोबर आहे गं तो," फिकिर्ते म्हणाली.

"असेल. पण विचारलेलं बरं," ब्लेन म्हणाली.

आजही ती रोज असंच करते. मी वाजतो, ती दारात जाते, विचारते आणि मग पाण्याचा पेला उचलते. मित्रांनो, जुनी वस्तू दुसऱ्याला देताना ती आधी नीट निरखून घ्या. तिच्यात तुमचंच काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं. आणि आम्ही कितीही शहाणे दिसलो, तरी एकदा दारात जाऊन माणसाला विचारा. मला त्याचं वाईट वाटणार नाही. खरं सांगू? थोडं वाटेल. तरीही विचारा.