झाकणाच्या आतून लिहिलेलं

मी टेबलाखालून बोलतोय. भोसरीतल्या एका भाड्याच्या खोलीत, गॅसच्या सिलिंडरशेजारी माझी जागा आहे. मी एक जुना कॉम्प्युटर. वय नऊ वर्षं, म्हणजे आमच्यात म्हाताराच.

मला धनेशनं जोडलं. तो चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला होता. कासारवाडीच्या करीमभाईंच्या दुकानातून एकेक भाग आणून त्यानं मला उभं केलं. कंपनीत प्रत्येक मशीनचं कार्ड असतं. कधी काय दुरुस्त केलं ते त्यावर लिहायचं. धनेशनं माझंही कार्ड केलं, माझ्या पत्र्याच्या झाकणावर, आतल्या बाजूनं, मार्करनं. पंखा साफ केला, तारीख. रॅम वाढवली, तारीख. अक्षर छापल्यासारखं.

त्याचा धाकटा भाऊ रविराज. आठवीत शाळा सोडलेला, लेथवर काम करणारा, डोक्यानं गरम. त्याला माझ्यावर गेम खेळायची असे. मी पाच मिनिटं दम धरायचो, मग ऐन मारामारीत अडकून बसायचो. रविराज मला लाथ घालायचा आणि राग भावावर काढायचा.

“दादा, ह्याचा प्रोसेसर बदल ना. कधीपासून सांगतोय.”

“बघतो.”

“बघतो, बघतो! कंपनीच्या मशीनला लगेच पार्ट आणतोस. मी मागितलं की बघतो. नको मला तुझं काही.”

त्यानंतर चार दिवस रविराज त्याच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दुपारी, फर्स्ट शिफ्ट सुटून येताना, धनेशच्या गाडीला कंटेनरनं उडवलं. दोघं भाऊ माझ्या मंदपणावरून भांडले होते, आणि ते भांडण मिटायचं राहूनच गेलं. माझी मान असती तर तेव्हापासून खालीच राहिली असती.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दादाविना खोली रविराजला सोसेना. कानाला हेडफोन लावून कशात तरी बुडून जावं, एवढंच त्याला हवं होतं. प्रोसेसर बदलून घ्यायला तो मला उचलून करीमभाईंकडं निघाला, तर जिन्यात शेजारच्या विजयश्रीवहिनी म्हणाल्या, “भाऊ जाऊन पंधरा दिवस नाही झाले, आणि ह्याला गेम सुचते!”

तो उलट्या पावली खोलीत आला. लाजेनं लाल झालेला. आता हातांना काहीतरी काम हवं होतं. वर्कशॉपमध्ये कुठलाही पार्ट पुढं द्यायचा तर आधी पुसून द्यायचा, ही त्याची सवय. त्यानं माझं झाकण काढलं, थिनरमध्ये बोळा बुडवला आणि आतून-बाहेरून घासलं. तिथं काय लिहिलंय ते त्यानं वाचलं नाही. वाचायचा त्याला कंटाळाच.

जिन्यात कोणी नाही असं बघून तो मला घेऊन पुन्हा निघाला. करीमभाईंनी मला काउंटरवर घेतलं. “कोणता बसवू?”

“जो फास्ट असेल तो.”

“असं नसतं रे भावा. ह्या बोर्डावर सगळे बसत नाहीत. धनेश आला होता ना गेल्या महिन्यात. तासभर डोकं खाल्लं माझं. तुझ्या गेमला कुठला लागेल, बोर्डाला कुठला झेपेल, सगळं विचारून नंबर घेऊन गेला. झाकणात लिहून ठेवतो म्हणाला. बघ की.”

रविराजनं झाकण उलटं केलं. पत्रा लख्ख होता.

“पुसलं मी,” तो म्हणाला.

“अरे वेड्या, वाचलं तरी होतंस का?”

नंबर करीमभाईंच्या लक्षात होता. पण त्या नंबराखाली धनेशनं लिहिलं होतं, ‘रवीसाठी, दिवाळीच्या आधी.’ ते आता फक्त मला ठाऊक आहे, आणि मला सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, थिनर फिरत होतं तेव्हा मला बरं वाटलं होतं. नंबर गेला, म्हणजे आपला जुना प्रोसेसर वाचला, असं मी मनाशी म्हटलं. त्या आनंदाची मला आज फार लाज वाटते.

रविराज मला तसाच घरी घेऊन आला. त्याची आई, कस्तुराबाई, मेथी निवडत होती.

“आई, दादानं माझ्यासाठी नंबर काढून ठेवला होता. मी त्याला काय काय बोललो. आता मला नको तो प्रोसेसर. लाज वाटते.”

“वाटू दे. वाटायलाच पायजे,” आई म्हणाली. मेथीची काडी तिनं मोडली. “पर त्यानं काढलेलं काम अर्धं ठिवू नगंस. जा, घिऊन ये.”

“आणि लोक?”

“लोकास्नी मी बगते. तू आवाज बारीक ठेव म्हंजे झालं.”

प्रोसेसर आलाय. डबी टेबलावर आहे. उद्या सुट्टी, उद्या तो स्वतःच्या हातानं बसवणार आहे.

रविराज, माझं एकच मागणं आहे. तू घाई करतोस. जुन्या प्रोसेसरवरचा पंखा हिसका देऊन ओढू नकोस. त्याखालचा, उष्णता ओढून घेणारा लेप धनेशनं स्वतः लावलाय, तो वाळून घट्ट बसलाय. ओढलास तर प्रोसेसर उपटून येईल, त्याचे बारीक पाय वाकतील. आधी मला थोडा वेळ चालू ठेव. गरम होऊ दे, म्हणजे लेप मऊ होईल. मग बंद करून वायर काढ, आणि पंखा जागच्या जागी हळूहळू फिरव. एकदा इकडं, एकदा तिकडं.

सुटेल तो. जरा वेळ लागेल.