अझोल्याचा खड्डा

“हिरवळ वाटून पोर पाय टाकंल, वैनी. वर जाळी बांधा,” साळूबाई म्हणाल्या होत्या.

मी हसले. “पाणी गुडघाभरच आहे हो.”

“पोराच्या गुडघ्यानं, का तुमच्या?”

उरवड्यात घरामागे आमच्या गोल्डफिशच्या टाक्या आहेत. विकतचं खाद्य परवडेना, म्हणून मी घरीच करू लागले. वाढीसाठी वाळवलेला अझोला आणि सुकट, रंग चढावा म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची पूड. अझोला म्हणजे तरंगणारी बारीक पाणवनस्पती. तो प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात वाढतो, पाण्यावर दाट, सारवलेल्या अंगणासारखा सपाट. तो काढायला साळूबाई रोज यायच्या. “माशाला झेंडू घालताय, मग देवाला काय, सुकट?” म्हणायच्या.

दसऱ्याचे उरलेले झेंडू आम्ही दोघी खुडत होतो. माझी सृष्टी, दोन वर्षांची, पाकळ्या उधळत होती. मग तिचा आवाज येईना. वळून पाहिलं तर खड्ड्यातलं हिरवं एका जागी फाटलेलं, आत काळं पाणी, आणि चहूकडून अझोला सरकत ते भोक मिटत चाललेलं. मी हातातला झेंडू धरून उभीच.

साळूबाई लुगड्यासकट आत उतरल्या. दोन्ही हातांनी तळ चाचपू लागल्या. “हितं न्हाई. हितं बी न्हाई.”

त्यांच्या हाताला वीट लागली. काठावरची, सृष्टीनं ढकललेली. ती स्वतः सुकटीच्या पोत्यांमागून आली, मुठीत झेंडू घेऊन.

मी तिला उराशी घेऊन बसले होते, म्हणून साळूबाईंच्या टाचेकडे उशिरा लक्ष गेलं. काठाला दाबलेल्या पत्र्यानं ती चिरली होती. त्यांना साखरेचा आजार आहे, मला ठाऊक होतं.

“पौडला दवाखान्यात जाऊ.”

“कशाला? झेंडू न खाताच रंग चढला बघा,” म्हणत त्यांनी चिंधी बांधली आणि वरून लुगडं ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. फोन लागत नाही, खोलीला कुलूप. बहिणीकडे गेल्या म्हणतात, धरणापलीकडच्या कुठल्याशा वाडीत. आम्ही दोन वाड्या पालथ्या घातल्या.

खड्ड्यावर आता जाळी आहे. तरी सृष्टी गप्प झाली की मी आधी तिकडे धावते.

धरणाच्या त्या अंगाला कुणी जाणार असाल, तर साळूबाईंची चौकशी करा. उंच आहेत, हनुवटीवर गोंदण आहे. “बरी हाय” म्हणतील. तेवढ्यावर परत येऊ नका. लुगडं जरा वर घ्यायला लावा आणि डावी टाच बघा.